हिवरदऱ्याच्या महादेवाला घंटा का नाही

हिवरदऱ्याच्या महादेवापुढे घंटा नाही. नवे पाहुणे देवळात शिरतात, सवयीने हात वर करतात आणि तो हात तसाच अधांतरी राहतो. मग ते माझ्याकडे असे पाहतात, की जणू मीच ती मोडीत घातली. मी इथला गुरव. या देवाची पूजा आमच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि घंटा कुठे गेली याचे उत्तर देत बसणे हेही पूजेबरोबरच आमच्या वाट्याला आले आहे. मागे एका सद्गृहस्थांनी नवस फेडायला चांगली पितळी घंटा आणली होती, साखळीसकट. मी ती उचलून त्यांच्याच गाडीत परत ठेवली. त्यांना राग आला. देवाला चालत नाही का, म्हणाले. देवाचे मला ठाऊक नाही, गावाला चालत नाही, असे मी सांगितले.

तुम्ही लांबून आलात, मठ पाहायला आलात. आधी या लिंबाखाली टेका. मठ कुठे पळून जात नाही.

देवळाच्या मागे ते काळे जोते दिसते ना, तोच मठ. देवगिरीवर यादवांचे राज्य होते त्या काळातला, असे सांगतात. सांगतात म्हणजे आमचे आजे सांगत. शिलालेख वगैरे काही नाही, त्यामुळे विद्वान मंडळी आली की शंभर वर्षे अलीकडची का पलीकडची यावर आपसात वाद घालतात आणि चहा पिऊन जातात. जोते पुरुषभर उंच आहे. तिन्ही बाजूंनी ओवऱ्या आहेत, एकेका साधूची एकेक खोली, आत जायचे तर कमरेत वाकावे लागते. आत निजायला दगडी ओटा आणि दिव्यापुरता कोनाडा, याहून जास्त काही नाही. सगळे काम दगडात खाचा पाडून एकाला एक बसवलेले. चुन्याचा थेंब नाही. नक्षीही नाही, कारण इथले साधू मौनाचे उपासक होते आणि दगडानेसुद्धा फार बोलू नये असे त्यांचे मत होते म्हणे.

मधला सभामंडप मात्र राहिलेला नाही. कडेच्या खांबांची रांग उभी आहे, दोन हात जाडीची भिंत निम्मीअर्धी उभी आहे, आणि समोरची दगडी चौकट तर अजून जशीच्या तशी आहे. चौकटीच्या आतल्या अंगाला भिंतीत दोन खोल भोके दिसतील. ती अडसर घालायची. त्याच्या पलीकडे नुसता ढीग. तुळया, खांबांचे तुकडे, छताच्या शिळा, विटांचा चुरा, सगळे एकमेकांवर पडलेले. त्या ढिगातला दगड आजवर कोणी हलवलेला नाही. काही वर्षांमागे सरकारी माणसे मोठे यंत्र घेऊन आली होती. गावातल्या बायका जाऊन ढिगावर बसल्या. साहेब बिचारे भले होते. म्हणाले, "अहो, आम्ही मठ दुरुस्त करायला आलोय. तुमचंच आहे हे." तेव्हा आमची सरूबाई त्यांना म्हणाली, "सायब, आत मान्सं हायेत." साहेबांना वाटले, कालपरवाच काही अपघात झाला. ते घाबरून विचारू लागले, कोण माणसे, किती, कधीपासून. त्यांना जे सांगितले तेच तुम्हाला सांगतो.

मठातले साधू सहसा बोलत नसत. बोललेच तर अमावस्येला, तेही गरजेपुरते. पण इतकी माणसे एका छताखाली राहायची म्हणजे काहीतरी खुणा हव्यातच. त्यासाठी दाराबाहेरच्या ओसरीत दोन दगडी खांबांच्या मध्ये एक मोठी घंटा टांगलेली होती. एक सुटा टोल पडला की पूजा, जोडटोल पडला की जेवण. आणि घंटा न थांबता वाजू लागली, तर त्याचा अर्थ एकच होता: असाल तिथून धावत मठात या. त्या काळी डोंगरातून धाडी येत. गारा पडत, लांडगे उतरत. गावात घरे मातीची आणि कुडाची. भरवशाचे छप्पर मठाचेच. म्हणून घंटा घणघणली की बाया हातचे पीठ तसेच टाकून, लेकरू काखोटीला मारून पळत, आणि जो शेवटी आत येईल त्याने दार लोटून अडसर घालायचा. हा शिरस्ता इतका अंगवळणी पडला होता, की रांगते मूलसुद्धा घंटा ऐकून मठाकडे तोंड फिरवी, असे सांगतात.

याच गावात भाइदेव नावाचा एक माळ्याचा मुलगा होता. मठात जाण्याआधी तो बापाच्या मळ्यात मोट हाकायचा आणि मोटेवर गायचा. आवाज असा, की दऱ्याच्या पलीकडच्या काठावर गुरे राखणारी माणसे त्याच्या गाण्यावर दिवस किती वर आला ते ओळखत. बोलकाही तसाच. आई कौतुकाने म्हणे, "ह्याच्या तोंडाला खीळ न्हाई, झोपंत बी बोलतो." पाठची एक बहीण होती, रेमा. तिला हा दादा म्हणजे सर्वस्व. गावातच दिलेली होती, त्यामुळे माहेर तुटले नव्हते.

मग ओळीने पाऊस गेला. आधी मळा वाळला, मग विहिरी, मग मठाची बारवही आटली. ती बारव तुम्ही येताना पाहिलीत, पायऱ्यांची. जनावरे मेली. माणसे गाव सोडून चालली. भाइदेवाचा बाप कोरड्या मोटेपाशी बसून बसून गेला. तेव्हा भाइदेव मठात आला आणि महंतांपुढे उभा राहिला. महंतांचे नाव केदारशिव. तो म्हणाला, देवाला द्यायला माझ्यापाशी आवाजाशिवाय काही उरले नाही. तो देतो. एक तपभर तोंडातून शब्द काढणार नाही. देवाने गावाला पाणी द्यावे. त्या दिवशी अखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. महंतांनी त्याच्या हातावर पाणी सोडले, आणि त्यानंतर काही दिवसांतच बारवेच्या तळाचा दगड ओला दिसू लागला म्हणे. मग झरा फुटला. मग पायऱ्या बुडाल्या.

आता पाणी त्याच्या मौनामुळे आले, की यायचे म्हणून आले, हे कोणाला विचारणार? पण गावाने जे ज्याला जोडायचे ते त्याला जोडले. गेलेली माणसे परत आली. मळे हिरवे झाले. आणि भाइदेवाचे मौन हीच गावाची विहीर झाली. विहिरीला जपावे तसे लोक त्याला जपू लागले. तो वाटेने निघाला की पोरांना दूर धरत, एखादे पोर दचकवील आणि याच्या तोंडून शब्द जाईल म्हणून. पायात काटा गेला तरी चार जण धावत, की हा आता ओरडतो की काय. ओरडला नाही तो कधी. एकटी रेमा त्याच्याशी बोलायची. रोज पाणी भरायला आली की त्याच्या ओवरीच्या तोंडाशी बसून घरचे सगळे सांगायची, गाय व्याली, जावेशी भांडण झाले, धाकटीला दात आला. तो मान डोलवायचा.

त्यांची आई मरायला टेकली, तेव्हा त्याला बोलावून नेले. म्हातारीला दिसत नव्हते. ती हाताने चाचपत होती आणि "आला का, आला का" म्हणत होती. रेमाने त्याचे पाय धरले, असे सांगतात. "दादा, माय चालली रं. एक डाव 'माय' म्हण. तेवढंच म्हण." भाइदेवाने आईचा हात आपल्या तोंडावर ठेवला. डोळे वाहत होते, ओठ मिटलेले होते. म्हातारी त्या ओल्या तोंडावर हात ठेवून गेली. ते तोंड कोणाचे हे तिला शेवटपर्यंत कळले की नाही, देव जाणे. पण गावाने त्या दिवशी त्याचा जयजयकार केला. मला विचाराल तर हा जयजयकार मला कधीच आवडला नाही. आपल्या घागरी भरल्या की दुसऱ्याच्या व्रताचे कौतुक करायला काय जाते?

असे एक तप भरत आले. पुढच्या अखितीला मध्यान्ही व्रत पुरे व्हायचे होते. महंतांना वाटले, हा सोहळा पंचक्रोशीत गाजला पाहिजे. आणि गाजायचा तर मठ लांबून दिसला पाहिजे. मोठ्या माणसांना उंचीची हौस असतेच. त्यांनी सभामंडपाच्या छतावर विटांची माडी चढवायला घेतली. खालचे काम नुसते एकावर एक तोललेले, त्यावर हा बोजा. पाथरवटांनी नको म्हटले की नाही, ते कोणी सांगत नाही. म्हटले असले तरी महंतांपुढे त्यांचे काय चालणार होते? माडी झाली, वर पताका लागली. दऱ्याच्या टोकावरून दिसायची म्हणे.

अखितीचा दिवस उजाडला. गावात त्या दिवशी पितरांना घागरी पुजतात, आमरस-पुरणाचे ताट दाखवतात. पण त्या वर्षी सगळ्यांनी ठरवले, आधी मठात जायचे, भाइदेवाचा पहिला शब्द ऐकायचा, मग पितरांचे बघू. पहिला शब्द 'शिव' असणार होता, ते महंतांनी ठरवून दिले होते. सकाळपासूनच मंडपात माणूस मावेना. महंत आणि साधू बसले, म्हातारीकोतारी बसली, लेकुरवाळ्या बसल्या. निम्मे गाव बाहेर होते. कोणी चुलाण्यांपाशी, कोणी झाडाखाली, काही बाया बारवेवर घागरी भरत होत्या. रेमा आत पुढेच बसली होती, पहिला शब्द आपल्याच कानावर पडावा म्हणून. भाइदेवाला ओसरीत पाटावर बसवले होते, गळ्यात हार, समोर उघडे दार, शेजारी घंटा. ओसरीच्या छपराची सावली मागे सरत उंबऱ्याला टेकली की मध्यान्ह झाली असे धरून महंत बाहेर येऊन त्याला हाताला धरून आत नेणार होते.

सावली उंबऱ्याशी येत चालली होती. भाइदेव दारातून आत पाहत होता. मंडपाच्या मधल्या तुळईवर त्याला एक रेघ दिसली. आधी वाटले, कोळिष्टक. मग ती रेघ लांबली. तिच्यातून बारीक भुगा खाली गळू लागला. खालच्या लोकांच्या डोक्यावर, खांद्यावर तो पडला. वरच्या माडीतून साधू विभूती टाकताहेत असे समजून लोकांनी हात जोडले आणि तो भुगा कपाळाला लावला.

भाइदेव ताडकन उठला. दारात जाऊन त्याने दोन्ही हात हलवले, बाहेर या, बाहेर या. लोकांना वाटले, आशीर्वाद देतो आहे. सगळा मंडप वाकला. त्याने पुढच्या एकाचा दंड धरून ओढला. तो माणूस गहिवरून त्याच्या पाया पडला. दुसऱ्याला ओढले, तोही पाया पडला. वर बोट दाखवले, तर लोक वर पाहून महादेवाचे नाव घेऊ लागले. एवढ्या माणसांत एकट्या रेमाने त्याचे तोंड नीट पाहिले. ती उठून उभी राहिली आणि गर्दीतून दाराकडे येऊ लागली.

एक हाक मारायची होती. त्याने तोंड उघडले होते, असे सांगतात. तेवढ्यात त्याची नजर बाजूला गेली. बारवेच्या पायऱ्यांवरून बाया भरल्या घागरी घेऊन वर येत होत्या. सावली अजून उंबऱ्याला टेकली नव्हती. आता बोललो तर सारे तप फुकट जाणार, पाणी जाणार, पुन्हा जनावरे मरणार, पुन्हा कोणाचा बाप कोरड्या मोटेपाशी बसणार. न बोललो तर हे समोरचे मरणार. माणूस अशा वेळी काय करतो? ज्यात दोन्ही वाचेल असे काही सापडते का ते शोधतो. हाताशी घंटा होती. मोठ्याने काहीतरी वाजवले की लोक दचकून उठतील, बाहेर येतील, एवढेच त्याला सुचले. त्याने दोरी धरली आणि घंटा घणघणा वाजवू लागला.

सगळ्या गावाच्या कानावर घंटा पडली. आणि गावाने तेच केले, जे घंटा ऐकून पिढ्यान्‌पिढ्या केले होते.

चुलाण्यांवरची माणसे पळ्या टाकून धावली. झाडाखालच्यांनी म्हातारे उचलले. बायांनी भरल्या घागरी तिथेच पायऱ्यांवर सोडल्या आणि लेकरे घेऊन पळत सुटल्या. सगळे मठाकडे. भाइदेवाने दोरी सोडली आणि हात पसरून दारात आडवा उभा राहिला. त्याला काय दाद देतात? धाड आली असे समजून पळणारा लोंढा तो. त्याला बाजूला ढकलून सगळे आत शिरले. दारापर्यंत आलेली रेमा त्या लोंढ्याबरोबर पुन्हा आत लोटली गेली. जो शेवटी आत गेला त्याने बाहेर पडलेल्या भाइदेवाकडे पाहिले, त्यालाही आत ओढायला हात पुढे केला. भाइदेव मागे सरला. मग त्या माणसाने दार लोटले आणि अडसर घातला.

तेव्हा भाइदेव बोलला.

दारावर डोके आपटत तो ओरडला, "बाहेर या. बाहेर या." पण आवाज गाण्याचा राहिला नव्हता. एक तप गळ्यात शब्द फिरला नव्हता. जो निघाला तो घोगरा, फाटका, कोणाचाच नसल्यासारखा.

आत काय झाले ते देमाई तेलिणीने सांगितले, म्हणून आपल्याला ठाऊक आहे. ती दाराच्या चौकटीला चिकटून बसलेली होती. चौकट पडली नाही, म्हणून ती तेवढी जिवंत निघाली. ती सांगे, बाहेर कोणीतरी राकट आवाजात "बाहेर या" म्हणत होते आणि दार बडवत होते. आतल्यांची खात्रीच पटली, की धाड दारापर्यंत आली. दरोडेखोर बाहेर बोलावतात ते कापायलाच, हे कोणाला सांगायला नको होते. लोक दाराला पाठ लावून उभे राहिले. एकट्या बहिणीने तो आवाज ओळखला. रेमा म्हणाली, "माझा दादा हाय त्यो. सोडा मला." कोणीतरी तिला म्हणाले, "बाई, येडी झालीस का? तुझा दादा कुटं बोलतो?" ती म्हणाली, "त्योच हाय." तिने अडसराला हात घातला. पुढचे सांगताना देमाई दर वेळी आपला हात पुढे धरी. मग म्हणे, "म्या तिचा हात धरला. लई जोर व्हता तिच्या हातात. पर म्या सोडला न्हाई."

तेवढ्यात मधली तुळई गेली. एक गेली की तिच्या भरवशावर तोललेल्या बाकीच्या कशा राहणार? सारे छत आणि वरची माडी एकदम खाली आली. धुरळा दऱ्याच्या टोकावरून दिसला म्हणे. माडीपेक्षा उंच.

त्या दिवशी जे डोंगरात गुरांमागे होते, जे परगावी गेले होते, तेवढेच उरले. ते संध्याकाळपर्यंत परतले. आतून हाका येत होत्या. दगड असे, की एकेक उचलायला वीस-पंचवीस गडी लागावेत, आणि गडी सगळे त्या दगडांखाली. हाताने जेवढे उकरता येईल तेवढे त्यांनी उकरले. देमाईला चौकटीतून ओढून काढले. दुसरे कोणी निघाले नाही. हाका काही दिवस येत राहिल्या, मग थांबल्या. ज्यांच्या घरचे आवाज होते त्यांना ते ओळखू येत होते, आणि काही करता येत नव्हते. याहून वाईट काय असेल ते मला तरी सुचत नाही.

आणि पाणी? पाणीही गेले. झरा ढिगाखाली बुजला असेल किंवा व्रत मोडले म्हणून देवाने परत घेतले असेल, तुम्हाला पटेल ते समजा. पायऱ्यांवर सोडलेल्या घागरींत होते तेवढेच उरले. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले, असे आपण सहज बोलून जातो. इथे ते जसेच्या तसे झाले. आणखी एक गोष्ट आमचे आजे सांगत. डोंगरावरच्या एका गुराख्याने त्या दिवशी सूर्य पाहिला होता. त्याचे म्हणणे, घंटा वाजली तेव्हा मध्यान्ह टळून गेली होती. नवी माडी बांधताना ओसरीचे छप्पर पुढे वाढवले होते, त्यामुळे त्याची सावली मागे सरत उंबऱ्याला पोचायला उशीर लागत होता. म्हणजे व्रत पुरे झालेच होते. तो बोलला असता तरी काही मोडले नसते. हे भाइदेवाला कोणी सांगितले की नाही, ते कळत नाही. मला वाटते, सांगितले नसावे. सांगून काय करायचे होते?

उरलेल्या माणसांनी त्याला बोल लावला नाही. तसे पाहिले तर कोणी कोणाला लावायचा? माडी महंतांची, ते ढिगाखाली. घंटेचा शिरस्ता सगळ्यांचा. देमाई तर स्वतःच सांगत सुटली होती. त्यांनी घंटा उतरवली आणि दूर डोहात नेऊन टाकली. भाइदेव पुढे पुष्कळ वर्षे जगला. त्याला मौन उरले नाही आणि बोलणेही उरले नाही. दिवसभर चौकटीत उभा राहून तो आत बघून "बाहेर या" म्हणे. कोणी भाकरी दिली तर खाई, पुन्हा उभा राही. कोणी म्हणाले, बाबा, आता आत कोणी नाही, तर ऐकून घेई आणि पुन्हा तेच म्हणे. देमाई त्याच्या शेजारी येऊन बसायची. ती दोघे एकमेकांशी कधी बोलली नाहीत, असे सांगतात. तो गेला त्या दिवशी दुपारी चौकटीतून आवाज आला नाही. तेव्हा देमाईच उठून त्याच्या जागी उभी राहिली आणि तिने हाक मारली. तिच्यानंतर तिच्या लेकीने. पुढे सगळ्या गावाने.

तुम्ही मघाशी मला विचारलेत, की मठ कशाने पडला. पुस्तकात कोणी लिहितात भूकंपाने, कोणी लिहितात स्वारीत. लिहू देत. आम्ही त्यांच्याशी भांडत नाही.

आजही अखितीला दुसऱ्या गावांत पितर घरी जेवायला येतात, आमच्याकडे येत नाहीत. ताट वाढून ठेवतो, घागर पुजतो, आणि दुपारी घरटी एक माणूस त्या चौकटीपाशी जातो. ऊस तोडायला गेलेली बिऱ्हाडे तोवर परत आलेली असतात, तीही येतात. नावे कोणाला ठाऊक नाहीत, इतक्या पिढ्या लोटल्या. मग नात्याने हाका मारतात. आजा, बाहेर या. काकी, बाहेर या. लेकरांनो, बाहेर या. रेमाला मात्र नावाने हाक मारतात, कोणाच्याही घरची नसली तरी. मग उन्हात उभे राहून थोडा वेळ वाट पाहतात. लहान पोरे दगडांच्या फटीत डोकावतात, त्यांना कोणी रागावत नाही. त्यानंतर सगळे आपापल्या घरी वळतात.

घरी उंबऱ्यात कोणीतरी म्हातारे माणूस बसलेले असते. ते विचारते, "आले का?"

विचारायचेच असते. आणि जाऊन आलेल्याने पायावर पाणी घेत सांगायचे असते, "न्हाई आले. त्यांनी आतून अडसर घातलाय."

मग ताट उचलतात.